भाषा आपोआप मरत नाही, ती बोलायची थांबवली जाते

‘जागतिकीकरणाने सगळं जग एकसारखं केलं’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यात चार दावे आहेत. पूर्वी प्रत्येक देशाची संस्कृती शुद्ध होती. आता सगळं जग अमेरिकन सिनेमाच पाहतं. छोट्या भाषा तशाही संपणारच आहेत, तेव्हा मुलांशी घरात इंग्रजीतच बोला. आणि शेवटी, देशाची दारं लावून घेतली की संस्कृती वाचते.

एरवी असलं काही वाचून मी सोडून देते. पण हा मेसेज माझ्या मावसबहिणीने वाचला आणि दोन वर्षांच्या लेकीशी घरची भाषा बोलणं बंद करायचं ठरवलं. म्हणून आधी तिसरा दावा घेते. खरं नुकसान तोच करतोय.

‘तशाही संपणारच’ म्हणे! जणू भाषा म्हातारी होते आणि एक दिवस जाते. २००३ मध्ये युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने भाषेची प्रकृती जोखण्यासाठी नऊ निकष मांडले. त्यातला पहिलाच असा की ती भाषा एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते का. म्हणजे मेसेज जो सल्ला देतोय, तो पाळणं हीच भाषा मरायची सुरुवात आहे. संपणार म्हणून बोलायची नाही, आणि बोलली नाही म्हणून संपली, असा हा सगळा उलटा कारभार.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ६,५११ भाषा आणि ५१ घटक त्यांनी तपासले. इतर भाषांशी नुसता संबंध आला म्हणून भाषा धोक्यात येते, असं त्यांना आढळलं नाही. उलट ज्यांच्या शेजारी इतर स्थानिक भाषा भरपूर आहेत, त्या भाषा कमी धोक्यात दिसल्या.

आता मेसेजच्या या दाव्यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य करते. याच अभ्यासात रस्त्यांचं जाळं जितकं दाट आणि शालेय शिक्षणाची वर्षं जितकी जास्त, तितका भाषांना धोका अधिक दिसतो. काहीच केलं नाही तर येत्या चाळीस वर्षांत भाषा नष्ट होण्याचा वेग तिप्पट होऊ शकतो, असंही त्यात म्हटलंय. चिंता खरी आहे. पण त्यावर अभ्यासकांनी सुचवलंय ते द्वैभाषिक शिक्षण. घरची भाषा टाकून द्या, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

शाळेत भाषा कशी मारली जाते ते वेल्समध्ये बघा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला शिक्षा. हे जागतिक बाजारपेठेने केलं नाही. मुलांच्या भल्याचा हवाला देत तिथल्याच मोठ्या माणसांनी केलं. तोच हवाला हा मेसेज आज देतोय.

याच्या नेमकं उलट न्यूझीलंडमध्ये झालं. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वैनुइओमाताला पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू झालं. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं आणि त्यांच्याशी दिवसभर फक्त माओरीत, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, बोलणारी वडीलधारी माणसं. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. त्या मुलांचं इंग्रजी यामुळे कुठे अडलं नाही. दोन भाषा ऐकत वाढलेलं मूल दोन्ही शिकतं. त्याचा गोंधळ होतो ही भीती कधीच खोटी ठरली आहे.

‘शुद्ध संस्कृती’बद्दल फार लिहीत नाही. पश्चिम आफ्रिकेची ओळख बनलेलं रंगीबेरंगी मेणछाप कापड घ्या. मूळ इंडोनेशियातल्या जावा बेटाचं बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड. एकोणिसाव्या शतकात डच कारखानदारांनी त्याची यंत्रावर नक्कल केली आणि ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकली. पुढे टोगोतल्या लोमेच्या व्यापारी बायकांनी कोणतं डिझाइन चालेल ते ठरवलं, डिझाइनांना स्वतः नावं दिली आणि या धंद्यावर मर्सिडीज गाड्या घेतल्या. लोक त्यांना ‘नाना बेन्झ’ म्हणू लागले. या कापडातलं शुद्ध काय आणि भेसळ काय, ते मेसेजवाल्यांनी सांगावं.

दारं लावून घेण्याचा प्रयोग जपानने सतराव्या शतकापासून दोनशेहून अधिक वर्षं केला. तरी नागासाकीच्या देजिमा बेटावरून डच ग्रंथ आत येतच होते आणि जपानी वैद्य त्यांवरून शरीररचना शिकत होते.

राहिला सिनेमा. युनेस्कोने २००९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत चित्रपटांच्या संख्येत भारत पहिला, नायजेरिया दुसरा आणि अमेरिका तिसरी होती. तिकिटबारीवर हॉलिवूडचा दबदबा आहे, ते नाकारत नाही. पण ‘सगळं जग अमेरिकन सिनेमाच पाहतं’ हे लिहिणाऱ्याने कोरियन आणि तुर्की मालिका किती देशांत पाहिल्या जातात, एवढं तरी बघायला हवं होतं.