‘पोळं आधी जाळा, मग निबंध लिहा’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया इतर वाचकांनी वाचली नसेल, म्हणून तिचा सारांश आधी देते. इमारतीच्या सातव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्यामोहोळ लागलंय. सकाळी गॅलरीत गेलेल्या तुमच्या आईंच्या तळपायाला माशीने डंख मारला. सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायला निघाली आहे आणि मी मात्र ‘पोळ्याला हात लावू नका’ असं लिहून मोकळी झाले. गावाकडे तुमचे आजोबा टेंभा लावून पोळी जाळायचे, कुणाला काही झालं नाही. शेवटचं वाक्य मी मथळ्यातच घेतलंय.

आईंपासून सुरू करू. सकाळची वेळ आणि तळपाय, यातच बरंचसं उत्तर आहे. आग्या माशा चांदण्या रात्रीही उडतात आणि दिव्याकडे ओढल्या जातात. गॅलरीतली ट्यूब रात्री चालू राहिली की तिच्याभोवती घिरट्या घालून त्या थकतात, फरशीवर पडतात आणि सकाळी तिथेच मेलेल्या किंवा अर्धमेल्या सापडतात. मेलेल्या माशीचा काटाही अनवाणी पायात रुततो आणि विष सोडतो. तेव्हा आईंवर पोळ्याने हल्ला केला असं मला वाटत नाही, बहुधा त्यांचा पाय माशीवर पडला. अंधार पडायच्या आत गॅलरीचा दिवा बंद, खोलीच्या खिडकीला जाड पडदा, सकाळी आधी झाडू आणि पायात चप्पल. एवढं केलंत तर घरातला निम्मा त्रास फवारणीशिवाय संपेल. पोळं तीन मजले वर असलं तरी हे लागू पडतं, कारण माशी उजेड बघते, मजला नाही.

आता फवारणी. आग्या माशीचं पोळं उघड्यावर टांगलेलं असतं, एकच मोठं, आणि त्यावर माशा पडद्यासारख्या थरावर थर लटकतात. औषधाचा फवारा बसतो तो वरच्या थराला. बाकीच्या उठतात. डंख मारलेल्या जागी माशी एक गंध सोडते, थेट पिकल्या केळ्यासारखा, आणि तो लागला की इतरही तिथेच तुटून पडतात. फवारणारा माणूस जाळीच्या टोपीत असतो. खालचा वॉचमन, शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं आणि पाचव्या मजल्यावर उघड्या खिडकीशी बसलेल्या आजी टोपीत नसतात. शिवाय औषध मारलेल्या पोळ्यातला मध कुणीतरी हौसेने बाटलीत भरतोच. तो कुणाच्याही पोटात जाता कामा नये.

आजोबांच्या टेंभ्याबद्दल मला आदरच आहे, पण तो कुठे आणि कधी पेटायचा ते विचारून बघा. जाणकार मध काढणारे अमावस्येच्या आसपासची काळोखी रात्र निवडतात. ठिणग्या खाली सांडल्या की माशा त्यांच्या मागे जातात आणि वरचा माणूस वाचतो. रानात दुसरा उजेडच नसतो. तुमच्या इमारतीत रात्री दहा वाजता प्रत्येक खिडकी उजळलेली असते. तिथे टेंभा लावलात तर माशा ठिणग्यांमागे जाणार नाहीत, लोकांच्या दिवाणखान्यात शिरतील. सज्जाखालच्या वायरी आणि वाळत घातलेले कपडे यांचं तर बोलतच नाही.

सरसकट सगळं राहू द्या, असं मात्र माझं म्हणणं नाही. गांधीलमाशीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. दाराच्या चौकटीवर किंवा कपड्यांच्या दोरीजवळ तिचं कागदी पोळं दिसलं तर ते काढायलाच हवं, कारण तिचा काटा मधमाशीसारखा अडकून तुटत नाही, ती पुन्हा पुन्हा डसते. नखाएवढं असताना, एकच माशी असताना, ती उडून गेली की लांब काठीने पाडा. मडक्याएवढा गोळा झाला असेल तर स्वतः शिडी लावू नका. भिंतीवर मातीची घरटी करणाऱ्या कुंभारमाशीला मात्र कशाला मारता? ती घरटं राखत बसत नाही, त्यात कोळी किंवा अळ्या भरून निघून जाते.

आणि झाडाच्या फांदीला अचानक लोंबलेला माशांचा घोस म्हणजे नवीन घराच्या शोधात निघालेला थवा. त्यांच्याकडे राखायला ना मध असतो, ना पिल्लं. दगड मारला नाही तर काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत जातात.

डंख बसलाच तर मधमाशीचा काटा ताबडतोब काढा, नखाने, चिमटीने, कसाही. विषाची पिशवी काट्यासोबत राहते आणि विष सोडत राहते, म्हणून पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. मग साबणाने धुऊन बर्फ. चुना लावायची गरज नाही, त्याने कातडी भाजू शकते. ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर गांध्या, दम लागणं, चक्कर, उलट्या यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, अॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागू शकतं. डंख खूप असतील तर माणूस ठणठणीत दिसला तरी दवाखान्यात न्या, मूत्रपिंडावर परिणाम नंतर कळतो.

तुमच्या पोळ्याचं काय करायचं? सातव्या मजल्यावर कुणाच्या वाटेत येत नसेल तर थांबा. फुलोरा सरला की आग्या माशा स्थलांतर करतात. रिकाम्या पोळ्याचं मेण मात्र खरवडून जागा धुऊन घ्या, कारण त्या वर्षानुवर्षं त्याच जागी परततात. नंतर तिथे जाळी बसवा. थांबणं शक्यच नसेल तर मधपाळ बोलवा. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथून चौकशी सुरू करता येईल. फक्त आग्या माशी पेटीत ठेवून पाळता येत नाही, पेटीत सातेरी ही वेगळ्या जातीची मधमाशी राहते. त्यामुळे ‘पेटीत भरून नेतो’ म्हणणाऱ्याला आधी माशी कोणती ते विचारा.

काढायची तारीख ठरली की प्रत्येक घरी, दूधवाल्याला आणि वॉचमनलाही कळवा. त्या रात्री सगळ्यांच्या खिडक्या आणि दिवे बंद. तोवर गच्चीवरची शेकोटी, फटाके आणि पोळ्यावर दगड भिरकावणारी पोरं, या तिन्हींना बंदी.