पोरांची नावं चढवून घ्या

विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करायला लागलं की पहिल्याच आठवड्यात कळतं, की नुसती 'पॉलिसी' नावाची वस्तू जगात नसतेच. गाडीची असते, आरोग्याची असते, घराची असते. नंबर, नाव, हप्ता, मुदत एवढं सगळ्यांचं सारखं आणि पुढे प्रत्येकीचे नखरे वेगळे, गाडीला चासी नंबर पाहिजे, आरोग्याला घरातली माणसं आणि त्यांची शुगर-बीपी, घराला बांधकामाचं साल. एवढं समोर दिसत असताना कोणीही पॉलिसी असा एक बेस क्लास, म्हणजे सगळ्यांचा सामाईक बाप, करणार आणि बाकीचे क्लास त्याची पोरं म्हणून त्यातून इनहेरिट करणार, त्यात काही ग्रेट नाही. सी-शार्प या आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या आत हे बिनबोभाट चालतं पण. मेथडवर लिहायचं की ही पॉलिसी देते, आतून परत करायची मोटारपॉलिसी, कोड तपासणारा कंपायलर हूं की चूं करत नाही.

मग मीटिंगमध्ये ठरतं की हे सगळं सोप सर्व्हिसमधून, म्हणजे एक्सएमएलच्या टॅगवाल्या मजकुरात देवाणघेवाण करायच्या जुन्या पद्धतीने, पार्टनर कंपन्यांना द्यायचं.

(आजच्या काळात सोप कोण वापरतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा विमा नाहीतर बँकेच्या सर्व्हररूममध्ये डोकावून यावं. सोप १.१ वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे २००० साली आलं, १.२ चं रेकमेंडेशन २००३ चं, आणि तेव्हा चालू केलेल्या सर्व्हिसेस बंद करायची हिंमत अजून कोणाची झालेली नाही.)

तर आपण मोठ्या विश्वासाने सर्व्हिस चालवतो आणि समोर येतं, 'देअर वॉज ॲन एरर जनरेटिंग द एक्सएमएल डॉक्युमेंट'. बस. काय एरर, कुठे एरर, काही नाही. खरी गोष्ट आतल्या एक्सेप्शनमध्ये दडवून ठेवलेली असते, तिथपर्यंत खोदत गेलं की म्हणतं, 'द टाइप मोटारपॉलिसी वॉज नॉट एक्स्पेक्टेड'. नॉट एक्स्पेक्टेड! अरे, घरची लेक आहे ती, तिची वाट बघत नव्हतास तर कोणाची बघत होतास?

यामागचं कारण एकदा समजलं की रागही धड येत नाही, तेच जास्त वाईट. सीरियलायझर, म्हणजे आपल्या डेटाचं एक्सएमएल बनवणारा, मेथडवर जाहीर केलेला टाइप बघतो, तिथे लिहिलंय पॉलिसी, म्हणून पॉलिसीपुरती तयारी करून बसतो. ऐनवेळी तिच्या जागी कोणी पोर आलं तर त्याला ओळखत नाही. हा सगळा रेशनकार्डाचा कारभार आहे. पोरगं घरात आहे, रडतंय, जेवतंय, अख्ख्या गल्लीला माहितीय कोणाचं ते, पण कुटुंबप्रमुखाच्या कार्डावर नाव चढलेलं नाही तोवर त्याच्या वाटचं धान्य नाही. आणि नाव पोराच्या कपाळावर लिहून चालत नाही, बापाच्याच कार्डावर पाहिजे. एक्सएमएल-इन्क्लूड नावाचा ॲट्रिब्यूट, म्हणजे कोडवर डकवायची चिठ्ठी, बेस क्लासच्या डोक्यावर लावायचा, प्रत्येक पोरासाठी एकेक. म्हणजे ज्या बापाला पोरांचं नावसुद्धा माहीत नसावं असं कॉलेजमध्ये शिकवून घोटून घेतलं होतं, त्यालाच आता सगळ्यांची यादी कपाळावर मिरवायची. जावावाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडे हेच एक्सएमएल-सी-ऑल्सो नावाने चालतं.

यादी चढवली, सर्व्हिस चालली. ज्युनियर म्हणाला, "सर, झालं की." नवीन आहे बिचारा.

कारण यादी चढवल्यावर मोटारपॉलिसी विझडलमध्ये, म्हणजे सर्व्हिस काय घेते-देते याच्या जाहीरनाम्यात, पण दिसायला लागते, 'एक्स्टेन्शन बेस इक्वल्स पॉलिसी' वगैरे, आणि मग ते विझडल पार्टनरकडे जातं. पहिल्या पार्टनरकडचा माणूस पीएचपी या दुसऱ्या भाषेतला. अत्यंत सज्जन. त्याने गाडीची सगळी माहिती ॲरेमध्ये भरली, चासी नंबरसकट, आणि आमच्या रिन्यूअलच्या मेथडला पाठवली. उत्तर आलं सक्सेस. आमच्या टेबलात बघतो तर नंबर आहे, नाव आहे, हप्ता आहे आणि चासी नंबरच्या जागी शुद्ध आकाश. फोनवर आम्ही एकमेकांना सर म्हणत भांडलो. "सर, आमच्या साइडने पाठवलंय." "सर, आमच्या साइडला आलेलंच नाही." "सर, मग मध्ये कुठे गेलं सर?"

गंमत म्हणजे मध्ये कुठेच गेलं नव्हतं, ते त्याच्या घरातून निघालंच नव्हतं. पीएचपीच्या सोपक्लायंटने विझडल उघडून बघितलं, इथे पॉलिसी मागितलीय, पॉलिसीला अमुक इतकी फील्ड, तेवढी उचलली आणि उरलेला ॲरे गुपचूप सोडून दिला. एरर नाही, वॉर्निंग नाही. आमच्याकडे जे पोचलं ते नियमाप्रमाणे चोख पॉलिसीच होतं, त्यामुळे आमच्याही बाजूने तक्रार नाही. मला विचाराल तर या अख्ख्या भानगडीतला सगळ्यात नालायक प्रकार हाच. 'नॉट एक्स्पेक्टेड' म्हणून तोंडावर शिवी देणारा परवडला, हा हसून सक्सेस म्हणतो आणि गाडीची नुसती पॉलिसी करून ठेवतो. यावर उपाय दोन. त्याने सोपवार नावाच्या वेष्टनात ऑब्जेक्ट गुंडाळून सोबत टाइपचं नाव आणि नेमस्पेस, म्हणजे त्या नावाचं आडनाव, द्यायचा, की मग एक्सएमएलमध्ये एक्सएसआय-टाइप, म्हणजे ही नक्की कुठली पॉलिसी ते सांगणारी खूण, उमटते. आणि आम्ही बेस क्लास ॲबस्ट्रॅक्ट, नुसता बनवताच येणार नाही असा, करायचा, म्हणजे कोणी नुसती पॉलिसी पाठवली तर निदान बोंब तरी होईल. दुसरा उपाय मी आधीपासून मागत होतो, पण "चालू सर्व्हिसला हात नको" या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की सर्व्हिस मॉडर्न करूया. डब्ल्यूसीएफ, म्हणजे मायक्रोसॉफ्टची सर्व्हिस बनवायची पुढची पद्धत, जी स्वतः २००६ सालची. तिथे एक्सएमएल-इन्क्लूड जाऊन नोन-टाइप आला, म्हणजे कार्ड नवीन, यादी तीच. आणि दुसऱ्या पार्टनरचा फोन आला, की तुमच्याकडून टाइप येतच नाही. मी रिस्पॉन्स उघडून बघतो तर टाइप ठणठणीत आहे, फक्त डब्ल्यूसीएफ एक्सएसआयच्या ऐवजी प्रीफिक्स, म्हणजे नेमस्पेसचं टोपणनाव, नुसता आय लावतं. नेमस्पेस तोच, तेच २००१ सालचं एक्सएमएल-स्कीमा-इन्स्टन्स, त्यामुळे एक्सएमएल नीट वाचणाऱ्या कुठल्याही पार्सरला फरक पडू नये. पण यांच्याकडे पार्सरच नव्हता! मजकुराच्या स्ट्रिंगमध्ये 'एक्सएसआय-टाइप' अशी अक्षरं शोधत होते. एक्सएमएल पाठवताना पण स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवून पाठवायचे, आणि डब्ल्यूसीएफला फील्ड ठराविक क्रमाने लागतात, आधी बापाची, मग पोराची, आणि त्यांच्यात आपापसात अल्फाबेटिकल. क्रम चुकला तर तो भांडत नाही, त्या फील्डमध्ये नल, म्हणजे रिकामं, ठेवून पुढे जातो. परत तेच आकाश, परत तेच सर-सर.

आणि मधल्या गेटवेचं तर विचारूच नका. सिक्युरिटीसाठी बसवलेला तो डबा जाता-येता एक्सएमएलची साफसफाई करायचा आणि न वापरलेले नेमस्पेस काढून टाकायचा. आमच्या टाइपचा प्रीफिक्स कुठल्याच टॅगला लावलेला नाही, तो फक्त टॅगच्या आतल्या टाइप या ॲट्रिब्यूटच्या व्हॅल्यूमध्ये असतो, म्हणून त्याच्या मते तो फालतू. डिक्लेरेशन उडवलं, प्रीफिक्स अनाथ, आणि पुढे टाइप कोणाला ओळखूच येत नाही. हे सापडेपर्यंत आमच्या टीममधल्या प्रत्येकाने प्रत्येकावर संशय घेऊन झाला होता. आमचा नेमस्पेस अजून टेंपुरी-डॉट-ऑर्ग आहे, म्हणजे तात्पुरता म्हणून दिलेला, पण तो विषय आज नको.

आता वरून हुकूम आलाय, सोप सोडा, जेसन (टॅगांऐवजी कंसांत डेटा लिहायची पद्धत) करा, हे टाइपबिइपचे प्रॉब्लेम तिथे नसतात. असतात. तिथे डॉलर-टाइप म्हणून तसंच काहीतरी टाकता येतं, त्यात बाहेरच्याने पाठवलेल्या क्लासच्या नावावर विश्वास ठेवून ऑब्जेक्ट बनवले की सर्व्हरवर हल्ला होऊ शकतो म्हणून सिक्युरिटीवाल्यांनी ते बंद करून टाकलंय. राहिला मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट ७ बरोबर २०२२ साली आलेला जेसन-डिराइव्ड-टाइप, तो मी मोठ्या आशेने उघडून बघितला, तर लावायचा कुठे, बेस क्लासच्या डोक्यावर, प्रत्येक पोरासाठी एकेक.

कालच बिझनेसवाल्या मॅडमचा मेल आला, पुढच्या महिन्यात पशुधन विमा चालू होतोय, फक्त एक टाइप वाढवायचा आहे. मी विचारलं, गाय आणि म्हैस एकाच टाइपमध्ये की वेगळ्या? उत्तर आलं, "विल डिस्कस अँड गेट बॅक." शेळीचं त्यांनीच विचारून ठेवलंय.