मैदानाची किल्ली कोणाकडे?

लहानपणी चेंबूरला राहायचो तेव्हा गोल्फ म्हणजे भिंतीपलीकडचं हिरवं, एवढंच माहीत. प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या कुंपणाबाहेर कधीतरी एखादा पांढरा, देवीचे व्रण असल्यासारखा चेंडू सापडायचा. गल्लीत क्रिकेटला तो वापरून पाहिला. एकदाच. डांबरावर टप्पा पडला आणि चेंडू थेट दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर. ती जागा कोणाची, आतले लोक कोण, असले प्रश्न तेव्हा पडत नव्हते. क्लब तो क्लब.

पुढे कित्येक वर्षांनी खारघरला सिडकोचं गोल्फ कोर्स पाहिलं आणि चक्रावलो. गोल्फ, आणि सार्वजनिक? पैसे भरा, खेळा. खेळ पैसेवाल्यांचा असेल, पण जमीन सरकारी संस्थेची. मग तिथले दर, वेळा, कोणाला आत घ्यायचं, हे सगळं शेवटी चालवणाऱ्यावर आलं. चालवणारा बदलला की हेही बदलू शकतं. गोल्फशी मला घेणंदेणं नाही, पण हा मुद्दा डोक्यात राहिला, कारण आमच्याकडे तेच झालंय.

आमच्या इथलं पालिकेचं मैदान (नाव मुद्दाम देत नाही, कमेंटमध्येही देऊ नका) गेल्या महिन्यात तिसऱ्या हातात गेलं. आधी पालिका स्वतः, मग एक संस्था, आता ठेकेदार. तिन्ही राजवटींत माळीमामा मात्र तेच. पूर्वी खाकी शर्ट होता, मग पाठीवर संस्थेचं नाव छापलेला निळा टी-शर्ट आला, आता पोपटी आहे. निळा टी-शर्ट पाण्याचा पाइप गळतो तिथे गुंडाळलाय. त्यावर संस्थेच्या नावाची अर्धी अक्षरं अजून वाचता येतात.

पालिकेकडे होतं तेव्हा सगळं आलबेल होतं, असं कोणी सांगू नये. संडासाला कायम कुलूप. रोलर गंजून जमिनीत इतका रुतला होता की पोरं त्यालाच स्टंप धरायची. दिवाळीपर्यंत गुडघाभर गवत. संस्था आली, दिवे लागले, प्यायचं पाणी आलं, हे मान्य करायलाच हवं. मग कोपऱ्यात एक टेबल आलं, टेबलावर पत्रा, पत्र्याभोवती भिंती, आणि एका मे महिन्यात भिंतीवर एसी. ठेकेदारानं अर्ध्या मैदानाला जाळी मारून टर्फ केलंय. परवा भाच्याला घेऊन अकरा वाजता गेलो तर गेटवरचा पोरगा विचारतो, "काका, बुकिंग आहे का?" ज्या मैदानावर मी पहिल्यांदा सायकलवरून पडलो, तिथे बुकिंग!

ही काही आजची गोष्ट नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई पालिकेच्या सभागृहानं मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला दत्तक द्यायचं धोरण मंजूर केलं. लोकांनी इतका आरडाओरडा केला की तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि आधीच वाटलेले दोनशेहून जास्त भूखंड परत घ्यायला सांगितले. २०२३ मध्ये नवा मसुदा, नवा आरडाओरडा. महालक्ष्मीचं रेसकोर्स घ्या. ते चालवणाऱ्या टर्फ क्लबचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, पुढचं ठरायला २०२४ उजाडलं. २११ एकरांपैकी ९१ एकर क्लबकडे, १२० एकर पालिकेकडे, उद्यानासाठी. अकरा वर्षं चर्चा कसली, तर जागा कोणाकडे. आत कोणी, किती वाजता, किती पैशांत जायचं, यावर त्या मानानं किती बोललो आपण?

मला विचाराल तर चालवणारा कोण हा दुय्यम प्रश्न आहे. पालिका चालवो, मंडळ चालवो, कंपनी चालवो, किल्ली कोणाकडे आणि कुलूप किती वाजता उघडणार, ते सांगा. शिवाजी पार्कचं भाग्य बघा. भोवती कट्टा, बस्स. तिथे जिमखाने आहेत, नेट आहेत, धुळीची बोंब आहे, सभांची भांडणं कोर्टापर्यंत जातात. पण भर दुपारी बारा वाजताही कुठल्याही वाडीतलं पोरगं कट्ट्यावरून उडी मारून आत जातं आणि त्याला कोणी बुकिंग विचारत नाही. ज्या शहरात माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा येते, म्हणजे एक सतरंजीसुद्धा नीट पसरता येणार नाही, तिथे दुपारचं कुलूप ही लहान गोष्ट नव्हे.

वॉर्ड ऑफिसात करार मागितला. फाइल दुसऱ्या खात्यात आहे म्हणाले. त्या खात्यात गेलो तर फाइल पहिल्या खात्यात. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. मुदत ३० दिवसांची, कागद आले ४७ व्या दिवशी. पान ६ वर स्वच्छ लिहिलंय: मैदानाचा निम्मा भाग सकाळी सहा ते रात्री आठ सर्वांना विनामूल्य खुला राहील, आणि वेळा व दरांचा फलक दर्शनी भागात लावावा लागेल. फलक आहे. त्यावर ठेकेदाराचा मोबाइल नंबर आणि 'बर्थडे पार्टीसाठी संपर्क' एवढंच आहे.

माळीमामांना पान दाखवलं. ते म्हणाले, "हे मला माहीत होतं साहेब. पण विचारलं कोणी?"

मग मी पान ६ मोठं करून घेतलं, चाळीस रुपयांत लॅमिनेट केलं आणि तारेनं गेटला बांधलं. तिसऱ्या दिवशी गायब. तार तेवढी लटकत होती. आता आणखी पाच प्रती काढून ठेवल्यात. रविवारी सकाळी साडेसहाला गेटपाशी येतोय. ज्यांना जमेल त्यांनी या, येताना पक्कड आणा, माझी बोथट झालीय.