नात वाचायला लागली

पहिलीतलं मूल वाचायला लागलं की त्या घरातलं खासगी आयुष्य संपतं. आमचं दिवाळीनंतर संपलं. त्याआधी नातीच्या लेखी कपाटातली मलमाची ट्यूब ही नुसती ट्यूब होती. आता मी पाहुण्यांना पोहे देत असताना ती ट्यूब घेऊन येते, 'मू-ळ-व्या-ध' असं एकेक अक्षर लावते आणि लागलं की खणखणीत आवाजात विचारते, "आजोबा, हे तुमचं ना?" पाहुणे मान खाली घालून पोह्यांत लिंबाची बी शोधायला लागतात.

तिची बाजू घ्यायची तर आपली लिपी आपण छातीठोकपणे सांगतो तितकी सोपी नाही. 'बबन, गवत बघ' इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ह्रस्व वेलांटी येते. ती उभी राहते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफाराचं नेमकं उलट. तो बसतो पुढच्याच्या डोक्यावर, पण उच्चारायचा त्याच्या आधी. 'चिमणी'तला च आणि 'चमचा'तला च लिहायला एकच, बोलायला दोन. या सगळ्यातून जे पोर पार पडतं ते दिसेल ते वाचत सुटलं, तर त्याला रागवायचं कोणत्या तोंडानं?

शिवाय एकदा वाचता आलं की ते बंद करण्याचं बटण नाही. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली हे दाखवून दिलं. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापा आणि शाईचा रंग विचारा, माणूस अडखळतो. कारण नको म्हटलं तरी डोळा शब्द आधी वाचून मोकळा होतो. एवढ्यासाठी त्यांना प्रयोग करावे लागले. आमच्याकडे चहाला आले असते तरी भागलं असतं.

मोठ्या माणसांचं वाचन मात्र निम्मं अंदाजपंचे असतं. ओळीवरून डोळा सरळ सरकत नाही, उड्या मारतो, हे फ्रान्समधल्या एमिल जव्हाल या नेत्रतज्ज्ञाकडे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. एका जागी साधारण पाव सेकंद टेकायचं, की पुढची उडी. अधलंमधलं डोकं आपल्या मनानं भरतं. आमचा मुलगा मथळ्यावरच टेकतो, बातमी दहा जणांना धाडतो आणि रात्री जेवताना मलाच विचारतो, "बाबा, त्यात नेमकं होतं काय?" सूनबाई कोरियन मालिका बघते, म्हणजे खालची इंग्रजी अक्षरं वाचते. वर कोण रडलं, हे तिला दुसऱ्यांदा बघताना कळतं.

आणि हिचं पारायण. 'श्री गजानन विजय', २१ अध्याय. बऱ्याच ओव्या पाठ असल्यामुळे डोळा पुढे, ओठ त्याच्याही पुढे आणि कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. नात शेजारी जाऊन बसली, पोथीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, तू ही ओळ गाळलीस." हिला बोलता येईना. जे बोलायचं ते ही डोळ्यांनी बोलली. पण नातीला अजून डोळे वाचता येत नाहीत. तिनं तीच ओळ पुन्हा दाखवली. शेवटी ओळ वाचली गेली, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि आम्ही भाताऐवजी पेज जेवलो.

मी नोकरीभर एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. म्हणजे अर्थ न लावता वाचण्याचा पगार घेत होतो. मजकुरात रमलं की चूक निसटते, हा त्या धंद्याचा पहिला नियम. अग्रलेख कशावर होता ते मला शेजाऱ्यांकडून कळायचं, पण त्यात 'पाणी'ची वेलांटी ह्रस्व पडली होती हे मी झोपेतही सांगितलं असतं. त्यामुळे घरात एकेक अक्षर बघणारे आम्ही दोघंच. तिला अंदाज अजून येत नाही आणि माझा पार गेला.

या दोघांनी परवा पुण्याहून कोल्हापूरची एसटी धरली. 'खिडकीबाहेर हात काढू नये' हे वाचून झाल्यावर तिनं पुढच्या बाकावरच्या गृहस्थांचं कोपर आत घ्यायला लावलं. मग पलीकडच्या सीटवरचं 'वि-धा-न-मं-ड-ळ स-द-स्य' लागलं. तिथे एक आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते. "हे आमदार आहेत?" ती ओरडली. ते दचकून उठले, इकडेतिकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि कराडपर्यंत ताठ बसून राहिले.

साताऱ्याच्या अलीकडे एक वडापची जीप पुढे गेली. मागे मोठ्या अक्षरांत 'आईचा आर्शीवाद'.

"आ-र्शी-वा-द," नात म्हणाली.

"आशीर्वाद गं पोरी," मागच्या काकांनी दुरुस्त केलं.

"नाही काका, आर्शीवाद लिहिलंय."

काकांनी मान उंचावून पुन्हा पाहिलं. "आशीर्वादच आहे की!"

रफार चुकीच्या अक्षरावर बसून राजरोस हायवेवरून चाललाय आणि गाडीभर माणसांत तो फक्त आम्हा दोघांना दिसतोय! निवृत्तीनंतर इतकं समाधान मला कशानं मिळालं नव्हतं, पेन्शनीनंसुद्धा नाही.

पुढे गाडी जेवणाला थांबली. हॉटेलवर पाटी : 'शुध्द शाकाहारी'. अर्ध्या महाराष्ट्रात हे असंच असतं. नात 'शु-ध्-' वर अडली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी गल्ल्यावर जाऊन मालकांना म्हटलं, "यात अर्धा द आधी हवा, ध नंतर."

"आजोबा," ते नोटा मोजत म्हणाले, "गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, फोडणीच्या वासावर येतं."

टेबलाशी परत आलो तर वेटर पदार्थांची नावं एका श्वासात म्हणून दाखवत होता. नातीला ते मंजूर नव्हतं. "कार्ड द्या," ती म्हणाली. त्यानं आठ पानी कार्ड आणून दिलं. तिनं पहिल्या पानावर बोट ठेवलं : "टो-मॅ-टो सू-प." बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पंजाबी अजून लांब होतं.