आवाज येतोय म्हणजे ब्रेक आहे

गणपतीला गाडी घेऊन गावी यायचं ठरलं की तुम्ही काय काय करता, ते आम्ही दरवर्षी बघतो. सीटला नवी कव्हरं, मागच्या काचेवर हातभर कुलदेवतेचं नाव, डॅशबोर्डवर मान डोलावणारी मूर्ती, डिकीत अख्खी वाडी जागी करील एवढा स्पीकर. एवढा खर्च झाल्यावर पुढच्या चाकांच्या आत अंधारात बसलेल्या चार चपट्या तुकड्यांवर आणखी पैसे घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ब्रेक पॅड आरशात दिसत नाहीत, फोटोत येत नाहीत, 'बघू बघू' करत कोणी वहिनी पुढे येत नाही. आमच्या वाडीत आजवर कोणाच्या पॅडचं कौतुक झालेलं मी ऐकलेलं नाही. मग ते बदलायचे कधी? शेजारी बदलेपर्यंत थांबा. तोही तुमच्याकडेच बघून थांबलेला असेल, त्याला इलाज नाही.

अडचण एवढीच की पॅड गप्प बसत नाहीत. नवा पॅड आंबोळीसारखा गुबगुबीत असतो, मसाला, म्हणजे त्याचा घासून झिजणारा थर, साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड. झिजत झिजत त्याचं घावन होतं. ३ मिलिमीटर उरले की बदला, असं कुठलाही मिस्त्री सांगेल. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक बारकी जीभ लावलेली असते. मसाला तिथवर आला की ती डिस्कला, म्हणजे पॅड जिला धरून चाक थांबवतात त्या फिरत्या थाळीला, टेकते आणि चाक फिरायला लागलं की किंचाळते. ही जीभ मुद्दाम किंचाळण्यासाठीच बसवलेली असते, तिला दुसरं काम नाही. पण घरात इतकी माणसं ओरडून सांगतात तेव्हा आपण कोणाचं ऐकतो, की एका पत्र्याचं ऐकावं?

मागच्या सीटवरून आई विचारील, "काय रे वाजता ता?" तुम्ही मागे न बघता म्हणायचं, "खडो अडाकलो आसतलो." महामार्ग ६६ वर खडीला तोटा नाही, त्यामुळे ह्यावर कोणाचाही विश्वास बसतो. रात्र असेल तर रातकिडे आहेतच. काच वर करून गाणं लावलं की आवाज होता की नव्हता, हाच वाद उरतो. शिवाय ह्या महामार्गाचे पॅडवर फार उपकार आहेत. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं म्हणतात, पण आमच्या रस्त्याने ती वेळच फारशी येऊ दिलेली नाही. खड्डा हा सरकारी ब्रेक. त्याला पॅड लागत नाहीत.

आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांकडे मात्र त्याहून मोठा हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे गंज. तो खराही आहे, हीच त्यातली गंमत. डिस्क असते बिडाची, घासणाऱ्या भागावर रंग नाही की वार्निश नाही. रात्रभर पाऊस आणि खारा वारा खाल्ला की सकाळी ती पानाची पिंक मारल्यासारखी तांबडी दिसते. पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, पॅड तो थर पुसून काढतात आणि आवाज थांबतो. घाबरण्यासारखं काही नसतं. आता ह्या एका खऱ्या सबबीच्या पदराआड किती खोट्या मावतात ते बघा. आवाज पाणंदीतच थांबला तर गंज होता. कुडाळच्या तिठ्यापर्यंत सोबत आला तर जुना गंज. सावंतवाडीच्या मोती तलावाला वळसा घालताना रस्त्यावरच्या बायका मान वळवून बघायला लागल्या, तरी हट्ट सोडू नका. मुरलेला गंज आहे.

काही दिवसांनी मीटरवर लाल दिवा लागेल, गोलात उद्गारचिन्ह. हँडब्रेक राहिला असेल असं समजून तो दोनदा खालीवर करा. तरी दिवा जात नसेल तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकवा, पातळी उतरलेली दिसेल. कुठे गळत नसेल तर ते ऑइल गाडीतच असतं. पॅड झिजले की त्यांना डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचे, म्हणजे कॅलिपरचे, पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांच्या मागची रिकामी जागा भरायला ऑइल तिकडे जातं. थोडक्यात, ती डबी म्हणजे पॅडचं प्रगतिपुस्तक. तेव्हा बाटली आणा आणि वरच्या रेघेपर्यंत ओता. दिवा विझतो. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर बाबांची सही आपणच करायचो ना, तसंच हे. पुढे कधी नवे पॅड घालताना मिस्त्री पिस्टन मागे ढकलील, जास्तीचं ऑइल डबीतून बाहेर येईल आणि जिथे सांडेल तिथला रंग उठवील, पण ती काळजी त्या दिवसाची. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असेल तर तिथले लायनर, म्हणजे ड्रमचे पॅडच, बिचारे गरीब, ते फार ओरडत नाहीत. हँडब्रेक तेवढा वर वर येत जातो. तो छातीला लागेपर्यंत त्यांचा विषय काढू नये.

आता पॅड डोळ्यांनी बघायची पद्धत. ही मी स्वतः वापरलेली आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो. चाकाच्या फटीतून मोबाईलची बॅटरी मारायची, बाहेरचा पॅड दिसतो. माझा चांगला ५ मिलिमीटर होता. मी ओसरीवर येऊन जाहीर केलं की यंदाचे गणपती आणि पुढचा शिमगा, दोन्ही निघतात. त्याआधी मे महिन्यात भाच्यांच्या हट्टापायी गाडी पुळणीवर घातली होती, लाटेत चाकं बुडवून फोटो काढले होते आणि घरी येऊन वरवर दोन बादल्या पाणी मारलं होतं. त्याचा ह्याच्याशी संबंध असेल, असं तेव्हा वाटायचं कारण नव्हतं. जुलैत चाकाचं किंचाळणं थांबलं. मी खूश. ऑगस्टमध्ये त्याच्या जागी कोरड्या पाट्यावर वरवंटा ओढावा तशी घरघर सुरू झाली. हा नवा गंज, मी म्हटलं.

शेवटी बायको गाडीत बसेना तेव्हा मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाक काढलं, कॅलिपर वर उचलला आणि आतला पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता. पॅड कसला, नुसता लोखंडी पत्रा. एका कडेला मसाल्याची काळी रेघ, तीही नखाने उडाली. पत्रा घासून घासून आरशासारखा झाला होता. डिस्कवर बोट फिरवलं तर नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यावरून फिरवल्यासारखं लागलं.

"भायलो बरो आसा काका," तो म्हणाला. "भितरलो खंय गेलो?"

मी डिस्ककडे बघत राहिलो.

"दर्यात घातललास काय गाडी?"

मी नाही म्हटलं. तो काही बोलला नाही. ज्या पिनांवर कॅलिपर मागेपुढे सरकतो त्या खाराने धरल्या होत्या. कॅलिपर जागचा हलत नव्हता आणि सगळा जोर एकट्या आतल्या पॅडवर पडत होता. बाहेरचा जावयासारखा बसून. पिना पिळून काढायला त्याला पाऊण तास लागला. मधेच हात पुसत तो म्हणाला, "आवाज इलो तेव्हाच इलास आसतास तर डिस्क वाचली आसती." मी त्याला गंजाचा सिद्धांत नीट समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि डिस्क जोडीने मागवल्या, कारण एका बाजूची बदलून भागत नाही. नुसत्या पॅडच्या पैशात घरच्या चौघांनी सुरमईची थाळी खाल्ली असती. झालेल्या बिलात वाडीतल्या अख्ख्या भजनी मंडळाला घातली असती, सोलकढीसकट.

म्हणून म्हणतो, फटीतून बाहेरचा पॅड बघा आणि समाधानाने आत या. चाक खोलून आतला बघायला लावणारे लोक संशयी असतात.

पुण्याकडून, कोल्हापूरकडून येणार असाल तर पॅडचा खरा सोहळा आंबोली घाटात. गाव सुमारे ६९० मीटर उंचीवर, आणि तिथून रस्ता घाटाखालच्या दाणोलीकडे सुटतो. माणसं, बॅगा, आजीचा लोखंडी तवा धरून गाडी १४०० किलोची समजू आणि उतार ५०० मीटरचा. एवढं वजन एवढं खाली उतरताना जी उष्णता निघते तिच्यात २० लिटर पाणी आरामात उकळतं. आंघोळीचा बंबच म्हणा. थोडी उष्णता हवा आणि टायर खातात. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली तर बरीचशी इंजिन खातं. तुम्ही मात्र न्यूट्रलला टाका, म्हणजे बंब थेट पॅडवर पेटतो.

न्यूट्रलने पेट्रोल वाचतं ना! हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळपास बंदच होतं, आणि न्यूट्रलला मात्र इंजिन जागं ठेवायला ते लागतंच. पण हे सासऱ्यांना सांगायला जाऊ नका. त्यांनी कार्बोरेटरच्या काळात घाट उतरलेले आहेत. फारच काटकसरी असाल तर इंजिनच बंद करा. मग ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची ताकद दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. पायाला व्यायाम.

चौथ्या-पाचव्या वळणावर वास येईल, करपट, नाकात बसणारा. घाट उतरताना गाडीत सुकटीची पिशवी नसते, त्यामुळे तिच्यावर ढकलता येणार नाही. ती सबब परतीच्या वाटेसाठी राखून ठेवा. इथे पुढच्या ट्रकवर ढकला. ट्रकचं नाव घ्या आणि आणखी जोरात ब्रेक दाबा. तापलेला पॅड पकडायचं सोडतो, तुम्ही दाबताय आणि गाडी आपली चाललीय. ह्याच्या पुढची पायरी ऑइलची. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. आमच्याकडे आषाढात बरणीतलं मीठ पाझरतं, तिथे ऑइलने मागे का राहावं? दर दोन वर्षांनी ते बदला म्हणतात, तुम्ही गाडी घेतल्यापासून तेच जपलंय. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, जोर त्यांनाच दाबण्यात जातो, आणि पाय कापसाच्या गादीवर ठेवावा तसं पेडल तळाला टेकतं. अशा वेळी मागून कोणीतरी "एबीएस आसा मां?" असं विचारतोच. आहे. ते चाक जाम होऊ देत नाही. संपलेल्या पॅडला मसाला लावत नाही.

चाकातून धूर निघालाच तर धबधब्यापाशी थांबा, बाटली भरा आणि थेट डिस्कवर ओता. तापलेलं बीड आहे ते. तडकलं तर तडकलं, नाहीतर वाकडं होईल, मग दर ब्रेकला स्टिअरिंग तुमच्या हातात फुगडी घालील. गौरी येतातच आहेत. काही लोक गाडी बाजूला लावून अर्धा तास कणीस खात बसतात आणि डिस्क आपोआप निवते, पण त्यांना आरती गाठायची नसते.

एवढं करूनही मन खात असेल तर आमच्याकडे शेवटचा उपाय आहे, आणि तो मिस्त्रीपेक्षा स्वस्त पडतो. एक नारळ. गेल्या वर्षी गणपती पोचवून पुतण्या मुंबईला निघाला, तेव्हा त्याची गाडी आदल्या दिवसापासूनच वाजत होती. तिघांनी ऐकलं, तिघांनीही खडा ठरवला. त्यात मीही होतो. आबांनी बॉनेटसमोर नारळ धरला आणि गाराणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो झील गाडी घेवन मुंबयक जाता हा, तेच्या वाटेर काय आडमेळा येयत आसात तर तो भायरच्या भायर दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी ओसरी.

"परशुराम, भोस्ते, कशेडी, तिन्ही घाटात तेच्या गाडयेर नजर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचो बिरेक तुझ्या हातात आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. एक भकल आबांनी ठेवून घेतलं, दुसरं काचेतून पुतण्याच्या हातात दिलं. त्याने हँडब्रेक सोडला, गाडी खळ्यातून उताराला लागली, आणि पुढच्या डाव्या चाकानेही बारीक, लांब सुरात होकार भरला.