गोल्डफिशला थंडी मारत नाही

पाळलेला गोल्डफिश नकोसा झाला की भारतातून ठरलेला सल्ला येतो: "द्या सोडून तळ्यात, पुण्य लागेल." कोणी हरकत घेतली की तीच माणसं म्हणतात, "थंडीत मरेलच की तो." एकाच तोंडी भूतदयाही आणि मरणाची खात्रीही! इथे अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटात बसून हे ऐकवत नाही.

कारण तो मरत नाही. चार अंशांना पाणी सर्वांत जड असतं, म्हणून वर बर्फाची लादी असली तरी तळाशी तेवढी ऊब टिकते. मासा दहा अंशांखाली खाणं जवळपास सोडतो आणि तळाशी निपचित राहतो. अडचण होते ती प्राणवायूची. बर्फावर हिम साचलं की खाली उजेड पोचत नाही, पाणवनस्पती थंडावतात आणि कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू संपवतो. बास आणि ब्लूगिल हे इथले मासे गुदमरतात. गोल्डफिश मात्र प्राणवायूविना शरीरात तयार होणारं लॅक्टिक आम्ल साचू न देता त्याचं अल्कोहोल करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणजे कडक हिवाळा उलट त्याचेच प्रतिस्पर्धी मारून तळं त्याच्या नावावर करून देतो. (गोलमटोल, दुशेपटी ओरांडा जातीचा गोल्डफिश सहसा टिकत नाही, साधा आणि लांब शेपटीचा कॉमेट टिकतो.)

पुढे पाणी तापलं की एकेक मादी हजारो अंडी घालते, तीही हंगामात अनेकदा. हे मासे गाळ उकरतात, त्यातला फॉस्फरस पाण्यात मिसळतो, शेवाळ माजतं. इथल्याच बर्न्सव्हिल शहराने २०२१च्या जुलैत केलर लेक या तळ्यातल्या अगडबंब गोल्डफिशचे फोटो टाकले होते; बरणीतल्या माशाशी त्यांचं नातं सांगूनही पटलं नसतं.

"आपल्याकडे भारतात बर्फच नाही, मग कशाला काळजी?" अहो, मग गुदमरवणारा बर्फही नाही! टाकीची काच चाटणारा सकर मासा तिकडच्या नद्यांत शिरला, तो काय समुद्र पोहून आला?

आता इथल्या फलकांवर या माशाला 'परका' म्हणतात, तेव्हा ते वाचताना जरा अवघडतंच. नव्या पाण्यात तग धरणाऱ्याबद्दल मनात कौतुक आहे, हेही कबूल. पण तळ्यात पिशवी माशाने उलटी केलेली नसते.

मासा नको असेल तर दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. बरा न होणारा आजार असेल तर लवंगतेल: लिटरभर पाण्याला अर्धा मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी लहान बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोरात हलवावं, मग टाकीच्याच पाण्यात हळूहळू ओतावं. कल्ले थांबले तरी निदान दहा मिनिटं मासा तसाच ठेवावा. घाईने काढला तर तो शुद्धीवर येतो. जिवंत मासा फ्रीजरमध्ये टाकणं किंवा संडासात ओतणं म्हणजे निव्वळ हाल. टाकीतलं पाणी आणि वनस्पतीही तळ्यात नकोत, त्यांतून रोग आणि गोगलगाई जातात. पाणी झाडांना घालावं, वनस्पती वाळवून कचऱ्यात.