बॅनर नंतर लावा, आधी ट्रंक उघडा

३८ वर्षांचा माणूस, पहाटे अंथरुणातच गेला. आदल्या संध्याकाळी चिमणबाग मैदानावर पोरांचे १६०० मीटर घेत होता. साडेपाच मिनिटांच्या वर गेलेल्याला पुन्हा उभा करायचा, हा त्याचा नेहमीचा हिशोब. तोफखान्यात १७ वर्षं काढून नाईक म्हणून पेन्शनवर आला आणि इंदूरला एका बँकेत गार्ड म्हणून लागला. अग्निवीर भरतीच्या पोरांकडून एक रुपया घेतला नाही. नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

हात जोडलेल्या चित्रांच्या पोस्टी उठावन्यापर्यंत, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेपर्यंत, भरपूर झाल्या. त्याच्या बायकोपुढे आणि पाचवीतल्या मुलापुढे आता जे आहे, त्यावर कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून आम्ही काही जण मिळून हे लिहितोय. पेन्शनवर आलेला तरुण फौजी असा अचानक गेला, की पहिल्या दोन दिवसांत जे बिघडतं ते पुढे दोन-दोन वर्षं निस्तरत बसावं लागतं.

सगळ्यात आधी बिघडतं ते मृत्यूच्या कारणाचं. माणूस दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेलेला असेल, तर तिथला डॉक्टर कारण लिहायला तयार नसतो. तो पोलिसांना कळवतो, पोलीस 'मर्ग' कायम करतात, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, आणि पोस्टमॉर्टेमसाठी एमवायला, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, न्यायचं ठरतं. इथेच घरातली मोठी माणसं आडवी येतात, 'आता कशाला चिरफाड, डॉक्टर ओळखीचा आहे'. मग ओळखीचा डॉक्टर लिहून देतो, 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. अहो, हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते! ती का बंद पडली, ते कागदावर हवं. सैन्यात असताना जडलेल्या आजारावर त्याला डिसॅबिलिटी पेन्शन असेल आणि मृत्यू त्याच आजाराने, ठरलेल्या मुदतीत झाल्याचं सिद्ध झालं, तर पत्नीला स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते. तिचा दर शेवटच्या पगाराच्या ६० टक्के, साध्या फॅमिली पेन्शनचा ३० टक्के. कारणाचा कागद गुळमुळीत असेल तर तो दरवाजा तिथेच बंद. अपघाती विम्याचंही तसंच आहे. पेन्शनच्या खात्याला बहुतेक बँका असा विमा जोडतात, पण एफआयआर आणि पोस्टमॉर्टेम नसेल तर क्लेम पुढे सरकत नाही. ओळखीचा डॉक्टर त्या दिवशी घरच्यांवर उपकार करत नसतो, एवढं खरं.

मृत्यूची नोंद महापालिकेत २१ दिवसांच्या आत करा. तीस दिवसांपर्यंत लेट फीवर भागतं, त्यानंतर परवानगी आणि कागदपत्रांचे हेलपाटे सुरू होतात. नावाचं स्पेलिंग डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तकात, असेल तेच द्यायचं, घरात रूढ असलेलं नाही.

आता तिरंग्याचं. रामबाग मुक्तिधामला जाताना बाजारातून विकत आणलेला झेंडा पार्थिवावर घातलेला सर्रास दिसतो. भावना समजते, पण ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा पांघरता येतो तो फक्त राजकीय, सैनिकी किंवा निमलष्करी अंत्यसंस्कारात. तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि अग्नी देण्याआधी झेंडा काढून घेतात. तो चितेवर जात नाही. निवृत्त माणसाला सैन्याकडून पुष्पचक्र किंवा मानवंदना हवी असेल, तर महूच्या स्टेशन हेडक्वार्टरला लगेच फोन करून विचारा. होईल की नाही ते तेच ठरवतात, पण फोन सकाळी गेला तर काही हालचाल होते. अंत्ययात्रा निघाल्यावर केला तर कोणालाच काही करता येत नाही. आणि बॅनरवर 'अमर शहीद' छापू नका. सैन्यदलांत हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत, सरकारने तसं संसदेतही सांगितलेलं आहे. 'माजी सैनिक' हा शब्द आपल्याला कमी का वाटतो, कळत नाही.

उठावना झाला की त्याची काळी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बायकोबरोबरचा जॉइंट फोटो, एजीआयचं (सैन्याच्या गट विम्याचं) सर्टिफिकेट, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड, पासबुक हे सगळं एका पिशवीत. मग पीपीओत पत्नीचं नाव आणि जन्मतारीख काय आहे ते आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्या मराठी घरांत घोळ होतो तो इथेच. लग्नात मुलीचं नाव बदललेलं असतं. सैन्यात लग्नाची नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली ती सासरच्या नावाने, आधार काढलं माहेरच्या दाखल्यावरून. त्यात इथल्या हिंदी दफ्तरांत भोसलेचा भोंसले होतो, जाधवचा जादव होतो, नवऱ्याचं मधलं नाव कुठे येतं तर कुठे गळतं. सैनिकांच्या पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलला हे दोन वेगळ्या बाया वाटतात. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र करून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, सिग्नल्सचं जबलपूरला. पोर्टलवर चुकीच्या नावाने अर्ज दामटू नका. तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

स्पर्शवर मृत्यूची खबर त्याच आठवड्यात द्या. मृत्यूच्या दिवसापर्यंत त्याची पेन्शन, दुसऱ्या दिवसापासून तिची. खबर दिली नाही तर त्याची पेन्शन खात्यात येत राहते. मग दीर एटीएममधून तेराव्याचा खर्च काढतो आणि सहा महिन्यांनी वसुलीचं पत्र येतं.

रकमेचं गणित एका उदाहरणाने सांगतो. पेन्शनसाठी धरलेला शेवटचा पगार ४०,००० असेल तर त्याची पेन्शन २०,०००. निम्मी विकली, म्हणजे कम्युट केली असेल, तर हातात १०,००० आणि वर पूर्ण २०,००० वरचा महागाई भत्ता. तो गेल्यावर पत्नीला वाढीव दराने म्हणजे ५० टक्क्यांनी २०,००० मिळतात, आणि विकलेल्या भागाची कपात तिच्या पेन्शनमधून होत नाही. म्हणजे तिच्या खात्यात नवऱ्यापेक्षा जास्त पैसे येतात. पुष्कळ जणी घाबरतात, चूक झाली, आता वसुली निघेल म्हणून. ती चूक नाही. पण हा दर ७ वर्षं, किंवा तो ६७ चा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढाच. मग ३० टक्के, म्हणजे १२,००० अधिक महागाई भत्ता. आज पाचवीत असलेला मुलगा बारावी होतो, नेमकं तेव्हा घरातलं उत्पन्न उतरतं. फ्लॅटचा हप्ता २०,००० वर बेतू नका. मुलाला बारावीत ६० टक्के असतील आणि तो व्यावसायिक पदवीला गेला, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीचे महिना २,५०० आहेत, मुलीला ३,०००. शाळेच्या वर्षांत हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं शैक्षणिक अनुदान मिळतं.

एजीआयचा वाढीव विमा फार घरांना माहीतच नसतो. निवृत्तीच्या वेळी हप्ता एकरकमी कापून घेतलेला असतो आणि क्लेम दिल्लीच्या एजीआय भवनाला जातो. तिथे भांडण नॉमिनीवरून होतं. भरतीच्या वेळी पोरगा अविवाहित, नॉमिनी वडील. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. सासरे समजूतदार निघाले तर ठीक. फॅमिली पेन्शनला मात्र नॉमिनेशन लागत नाही, तिथे पत्नीचा हक्क पहिला. बँकेतली दुसरी नोकरी असेल तर तिथली देणी वेगळी, आणि दोन्हीकडची फॅमिली पेन्शन २०१२ पासून चालते. 'एकच मिळेल' असं कोणी काउंटरवर सांगितलं तर लिहून मागा.

आणि जे अजून आहेत त्यांच्याबद्दल थोडं. युनिटमध्ये वर्षाचं मेडिकल चुकवलं तर बॅटरी हवालदार मेजर नाव पुकारून हजर करतो. घरी आल्यावर नाव पुकारणारं कोणी नाही. लंगरचा खुराक तोच, पीटी गेलेली, वर सकाळचे पोहे-जलेबी आणि रात्रीची सेव. छातीत जडपणा आला की 'गॅस आहे' म्हणून फिरायला निघायचं. ईसीएचएस कार्ड आहे ना? मग ईसीजी, शुगर, लिपिड वर्षातून एकदा करा. रात्री त्रास झाला तर जवळ जो दवाखाना असेल तिथे जा, तो पॅनलवर नसला तरी. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांत कळवलं की बिलाचा दावा करता येतो. पॅनलचा दवाखाना शोधत शहर ओलांडू नका.

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, पोरांचं धावणं झालं की, चिमणबागेत बसतोय. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि दोघांची आधार कार्डं घेऊन या. झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. आणि शक्यतो बायकोला बरोबर आणा, कारण नावं ताडायची आहेत ती तिची.